चार्ल्स बॅबेज

चार्ल्स बॅबेज (जन्म: २६ डिसेंबर १७९१, लंडन, मृत्यू: १८ ऑक्टोबर १८७१, लंडन) हे इंग्लिश गणितज्ञ, यंत्ररचनाकार आणि लेखक होते. माणसाच्या हस्तक्षेपावाचून आकडेमोड करील आणि तिची उत्तरे स्वतःच छापील असे यंत्र जगात असावे, ही इच्छा त्यांनी १८२१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे बाळगली. त्यासाठी त्यांनी डिफरन्स इंजिन आणि ॲनालिटिकल इंजिन या दोन प्रकारच्या यंत्रांचे तपशीलवार आराखडे तयार केले. त्यांच्या हयातीत यांपैकी एकही यंत्र पूर्ण झाले नाही. पहिल्या प्रकारचे एक यंत्र त्यांच्या आराखड्यावरून १९९१ मध्ये लंडनमध्ये बांधण्यात आले; दुसरे यंत्र मात्र आजतागायत कोणीही पूर्णत्वास नेलेले नाही. असे असूनही बॅबेज यांना संगणकाचे जनक म्हटले जाते.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

बॅबेज यांचे वडील बेंजामिन हे मूळचे डेव्हन परगण्यातील होते. लंडनमधील एका बँकेत ते भागीदार होते व त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती. आईचे नाव बेट्सी. नवे खेळणे हाती आले की त्याच्या आत काय आहे असे आईला विचारावे आणि उत्तराने समाधान झाले नाही तर ते मोडून पाहावे, हा आपला बालपणीचा शिरस्ता बॅबेज यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. याच काळात आईने त्यांना मर्लिन नावाच्या कारागिराचे यांत्रिक बाहुल्यांचे प्रदर्शन दाखवले. मुलाचे कुतूहल पाहून मर्लिन यांनी त्यांना आपल्या माळ्यावरील कार्यशाळेत नेले. तेथे पाहिलेली चांदीची नर्तकी बॅबेज विसरले नाहीत. प्रौढ वयात ती मोडक्या अवस्थेत लिलावात निघाली असता त्यांनी ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि दिवाणखान्यात मांडली.

किशोरवयात पाण्यावर चालता यावे म्हणून त्यांनी बिजागऱ्या लावलेल्या फळ्या पायांना बांधून डार्ट नदीत प्रयोग केला व बुडता बुडता वाचले. मनात आलेली कल्पना लगेच करून पाहण्याचा हा स्वभाव पुढेही टिकला.

१८१० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. तोवर त्यांनी युरोप खंडातील नवे गणित स्वतःच्या बळावर वाचले होते. इंग्लंडमध्ये मात्र न्यूटनविषयीच्या अभिमानापोटी त्यांचीच जुनी चिन्हपद्धती चालू होती आणि लायब्निट्स यांची अधिक सोयीची पद्धती दूर ठेवली जात होती. बॅबेज यांनी जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आदी मित्रांबरोबर १८१२ मध्ये ॲनालिटिकल सोसायटी स्थापन केली. या तरुणांनी लाक्रुआ या फ्रेंच गणितज्ञाच्या कलनशास्त्रावरील ग्रंथाचे भाषांतर १८१६ मध्ये प्रसिद्ध केले आणि हळूहळू केंब्रिजच्या अभ्यासक्रमात बदल घडवून आणला. १८१४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याच वर्षी बॅबेज यांचा जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी विवाह झाला. १८१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १८२० मध्ये लंडनच्या खगोल संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

कोष्टकांतील चुका

संगणक हाताशी असलेल्या पिढीला त्या काळातील गणिती कोष्टकांचे महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. लॉगॅरिदमची पुस्तके शाळेत वापरलेल्या वाचकांना ते सहज उमगेल. खलाशी, खगोलशास्त्रज्ञ, भूमापक, विमा कंपन्यांचे गणिती या सर्वांचे काम छापील कोष्टकांवर चाले. ही कोष्टके माणसे हाताने तयार करीत. चुका तीन ठिकाणी होत: आकडेमोडीत, नक्कल करताना आणि खिळे जुळवताना. एका पुस्तकातील चूक दुसऱ्यात उतरे आणि चुकांच्या दुरुस्तीपत्रातही नव्या चुका निघत. भर समुद्रात जहाजाचे स्थान ठरवणाऱ्याच्या दृष्टीने एक चुकीचा आकडा जिवावर बेतणारा ठरू शकत असे.

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल खगोल संस्थेसाठी करून घेतलेली आकडेमोड ताडून पाहत होते. एकामागून एक चुका सापडू लागल्या. ही गणिते वाफेच्या शक्तीने झाली असती तर किती बरे, असा उद्गार बॅबेज यांच्या तोंडून वैतागाने निघाला. असे उद्गार अनेकांच्या तोंडून निघतात आणि विरून जातात. बॅबेज यांनी मात्र काही महिन्यांत त्या इच्छेचे एक लहान यंत्र करून दाखवले.

डिफरन्स इंजिन

या यंत्रामागील गणित साधे आहे. क्ष चा वर्ग, अधिक क्ष, अधिक ४१, ही राशी घ्यावी. क्ष च्या जागी ०, १, २, ३, ४, ५ ठेवल्यास ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१ या संख्या मिळतात. लगतच्या संख्यांमधील फरक २, ४, ६, ८, १० असे येतात आणि या फरकांतील फरक प्रत्येक वेळी २ एवढाच असतो. म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन संख्या ठाऊक असल्या की पुढील सगळी मालिका निव्वळ बेरजेने तयार होते. गुणाकाराची गरजच उरत नाही. बेरीज दातेरी चाकांना करता येते. प्रत्येक चाकावर ० ते ९ हे अंक, चाकांचे एकावर एक रचलेले स्तंभ, प्रत्येक स्तंभात एक संख्या आणि हातचा वरच्या चाकाकडे नेणारी यंत्रणा, अशी ही रचना होती. १८२२ मध्ये त्यांनी वर दिलेल्याच राशीवर आपले लहान यंत्र चालवून दाखवले. यंत्राने उत्तरे केवळ दाखवून भागणार नव्हते. नक्कल आणि जुळणी यांतील चुका टाळण्यासाठी छपाईचा साचाही यंत्रानेच तयार करावा, असा त्यांचा आग्रह होता.

१८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने १,५०० पौंड मंजूर केले. कुशल यंत्रकार जोसेफ क्लेमेंट यांच्याकडे काम सोपवण्यात आले. नियोजित यंत्रात सुमारे २५,००० भाग होते. एकसारखे शेकडो भाग घडवण्याची यंत्रे त्या काळी जवळजवळ नव्हती. आधी हत्यारे तयार करायची, मग भाग, असे काम चाले. क्लेमेंट यांच्या कार्यशाळेत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढे १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले. न झालेल्या यंत्राच्या कार्यशाळेतून असे कारागीर बाहेर पडले, हा त्या खर्चाचा एक लाभच मानला पाहिजे.

१८२७ हे वर्ष बॅबेज यांच्यासाठी भीषण ठरले. त्याच वर्षी वडील, पत्नी आणि दोन मुले मृत्यू पावली. वडिलांकडून त्यांना सुमारे १ लाख पौंडांची संपत्ती मिळाली, पण ते मनाने खचले होते. मित्रांच्या सल्ल्यावरून ते वर्षभर युरोपात हिंडले. प्रवासात असतानाच १८२८ मध्ये केंब्रिजच्या ल्यूकेशियन प्राध्यापकपदी, म्हणजे एकेकाळी न्यूटन यांनी भूषवलेल्या पदावर, त्यांची निवड झाली. हे पद त्यांनी १८३९ पर्यंत सांभाळले, परंतु तेथे एकही व्याख्यान दिले नाही.

१८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारे एक सप्तमांश भाग जोडून तयार झाला. तो निर्दोष चाले व आजही चालतो. पण पुढील वर्षी क्लेमेंट आणि बॅबेज यांच्यात मोबदल्यावरून आणि कार्यशाळा हलवण्यावरून वाद होऊन काम थांबले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ग्राहकाच्या पैशांतून बनवलेली हत्यारे यंत्रकाराच्याच मालकीची ठरत. ती क्लेमेंट यांच्याकडेच राहिली. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने प्रकल्प अधिकृतपणे सोडून दिला. तोवर सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्ची पडले होते. राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी यंत्र निरुपयोगी असल्याचा अभिप्राय दिला होता. नोव्हेंबर १८४२ मध्ये बॅबेज पील यांना समक्ष भेटले. पण यंत्राची बाजू मांडण्याऐवजी त्यांनी स्वतःवर झालेल्या अन्यायाचा पाढा वाचला आणि भेट कटुतेत संपली.

दोष कोणा एकाचा नव्हता. सरकारला केव्हा किती खर्च होईल हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि बॅबेज यांचा स्वभाव असा की पहिले यंत्र पुरे होण्याआधीच त्याहून चांगले यंत्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते त्यांनी सरकारला प्रामाणिकपणे कळवलेही. अर्धवट यंत्रावर पैसे घालणाऱ्या अधिकाऱ्यांना हा प्रामाणिकपणा धीर देणारा वाटणे शक्य नव्हते.

ॲनालिटिकल इंजिन

डिफरन्स इंजिन एकाच पद्धतीने बेरजा करते. १८३४ पासून बॅबेज ज्या यंत्राचा विचार करू लागले, ते कोणतेही गणित सांगितले तसे करणारे असणार होते. त्याचे दोन मुख्य विभाग होते. एकात संख्या साठवायच्या. त्याला त्यांनी कोठार म्हटले. दुसऱ्यात त्यांच्यावर क्रिया करायच्या. त्याला गिरणी असे नाव दिले. गिरणीत धान्य यावे, दळून पीठ परत जावे, तसे कोठारातील आकडे गिरणीत येऊन परत जाणार होते. कोठारात चाळीस अंकी एक हजार संख्या ठेवण्याची त्यांची योजना होती.

यंत्राला कामाचा क्रम कसा सांगायचा, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर बॅबेज यांना विणकामात मिळाले. फ्रान्समधील जॅकार्ड मागावर कोणता धागा केव्हा उचलायचा हे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्र्यांच्या माळेने ठरते. पत्रे बदलले की नक्षी बदलते. सोलापुरी चादरीच्या नक्षीमुळे जॅकार्ड हे नाव महाराष्ट्रातील विणकरांच्याही परिचयाचे आहे. हेच पत्रे बॅबेज यांनी यंत्राला आज्ञा देण्यासाठी वापरायचे ठरवले. हाती आलेल्या उत्तरानुसार पुढील मार्ग निवडणे, तसेच आज्ञांचा एखादा गट पुन्हा पुन्हा करणे, या दोन्ही सोयी आराखड्यात होत्या. लॉगॅरिदमचा एखादा आकडा हवा असल्यास यंत्राने घंटा वाजवून तो मागावा आणि माणसाने चुकीचा पत्रा घातला तर अधिक मोठ्याने घंटा वाजवावी, अशीही योजना होती. आजच्या संगणकातील स्मृती, प्रक्रियक आणि आज्ञावली यांची मांडणी या दातेरी चाकांच्या यंत्रात ओळखू येते. अशा गुंतागुंतीच्या हालचाली नेहमीच्या चित्रांत मावत नसल्यामुळे त्या लिहून दाखवण्याची एक स्वतंत्र चिन्हलिपी त्यांनी १८२६ मध्येच तयार केली होती.

इंग्लंडमध्ये या यंत्राला फारसे श्रोते नव्हते. १८४० मध्ये इटलीतील तूरिन येथे झालेल्या वैज्ञानिकांच्या मेळाव्यात बॅबेज यांनी त्याचे विवरण केले. ते ऐकून लुईजी मेनाब्रेया या तरुण अभियंत्याने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. तो १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. लेखाचे इंग्लिश भाषांतर कवी बायरन यांच्या कन्या एडा लव्हलेस यांनी केले आणि १८४३ मध्ये त्याला मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट लांबीच्या टिपा जोडून प्रसिद्ध केले. बॅबेज आणि एडा यांचा परिचय १८३३ पासूनचा होता. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घेता येतील, याचा पायरीपायरीने क्रम एका टिपेत दिलेला आहे. प्रसिद्ध झालेली पहिली संगणक आज्ञावली म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यातील बॅबेज यांचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. टिपांमधील एक विचार मात्र एडा यांचाच मानला जातो: संख्यांच्या जागी चिन्हे किंवा संगीताचे स्वर घेतले तर हे यंत्र त्यांच्यावरही काम करू शकेल. स्वतः बॅबेज यांची दृष्टी मुख्यतः गणितापुरतीच राहिली. सरकारवर टीका करणारे आपले निनावी निवेदन लेखासोबत छापावे, असा त्यांनी हट्ट धरला होता. एडा यांनी तो मानला नाही. त्यांची मैत्री मात्र टिकली. १८५२ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी एडा यांचे निधन झाले.

ॲनालिटिकल इंजिनवर विचार करताना सापडलेल्या युक्त्या वापरून बॅबेज यांनी १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या डिफरन्स इंजिनचे आराखडे काढले. त्यात पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश भागांत काम होणार होते. १८५२ मध्ये हे आराखडे सरकारला देऊ केले असता ते नाकारण्यात आले. दरम्यान स्वीडनमधील गेऑर्ग शॉइट्झ आणि त्यांचे पुत्र एडव्हार्ड यांनी बॅबेज यांच्या कल्पनेवरून स्वतःचे छोटे डिफरन्स इंजिन बांधले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे ते अमेरिकेतील आल्बनी येथील वेधशाळेने विकत घेतले. आपल्या इच्छेचे फळ दुसऱ्याच्या हाती लागलेले पाहून मत्सर वाटणे स्वाभाविक होते. पण भांडखोर म्हणून ख्याती असलेल्या बॅबेज यांनी शॉइट्झ पितापुत्रांचे मनापासून स्वागत केले व त्यांच्या यंत्राचा पुरस्कार केला.

इतर कार्य

कारखान्यांचा अभ्यास करून बॅबेज यांनी १८३२ मध्ये यंत्रे आणि उत्पादन यांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. काम लहान भागांत वाटले तर प्रत्येक भागापुरतेच कौशल्य विकत घ्यावे लागते आणि मजुरीचा खर्च घटतो, हे त्यातील प्रतिपादन बॅबेज तत्त्व म्हणून ओळखले जाते. कार्ल मार्क्स यांनी या ग्रंथाचा उपयोग केला. १८३० च्या पुस्तकात त्यांनी इंग्लंडमधील विज्ञानाच्या ऱ्हासाबद्दल रॉयल सोसायटीला धारेवर धरले होते. १८३४ च्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. संसदेची निवडणूकही त्यांनी लढवली, पण ते हरले.

त्यांच्या सुचलेल्या गोष्टींची यादी लांब आहे आणि तिच्यातील बहुतेक गोष्टींचे श्रेय इतरांना मिळाले. रुळांवरील अडथळे बाजूला सारणारी चौकट त्यांनी रेल्वे इंजिनासाठी सुचवली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एका डब्यात लेखण्या बसवून धावत्या गाडीचे हेलकावे लांबच लांब कागदावर नोंदवले. मनोऱ्यांमध्ये ताणलेल्या तारेवरून टपालाची पेटी धाडण्याची कल्पना मांडली. दीपगृहांनी ठरावीक क्रमाने उघडझाप करून आपली ओळख पटवावी, असे सुचवले. १८४७ मध्ये डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण करून त्यांनी एका नेत्रतज्ज्ञाकडे दिले. त्यांना त्याचे महत्त्व कळले नाही आणि १८५१ मध्ये जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी तेच उपकरण स्वतंत्रपणे शोधून जगापुढे आणले. अभेद्य समजली जाणारी व्हिझेनेर सांकेतिक लिपीही त्यांनी उकलली होती, पण ती पद्धत प्रसिद्ध केली नाही. यंत्राच्या खर्चासाठी फुल्ली-गोळा खेळणारे यंत्र करून त्याचे तिकीट लावून प्रदर्शन करावे, असाही विचार त्यांनी केला. त्यातून पैसा सुटणार नाही असे दिसल्यावर तो सोडला.

अखेरची वर्षे

डॉर्सेट स्ट्रीटवरील त्यांच्या घरी शनिवारी भरणाऱ्या मेजवान्यांना चार्ल्स डार्विन यांच्यासारखे पाहुणे येत. तेथे एका खोलीत चांदीची नर्तकी आणि दुसऱ्या खोलीत डिफरन्स इंजिनचा तुकडा असे. इंग्रज पाहुण्यांची गर्दी बाहुलीभोवती आणि यंत्राजवळ उभे मात्र परदेशी पाहुणे, असे एका संध्याकाळचे दृश्य बॅबेज यांनी नोंदवून ठेवले आहे. १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तो तुकडा एका अडचणीच्या जागी ठेवण्यात आला होता.

उतारवयात रस्त्यावरील वाद्यवाल्यांविरुद्धच्या लढ्यामुळे ते लोकांच्या थट्टेचा विषय झाले. पेटी वाजवणाऱ्या फिरस्त्यांमुळे आपली कामाची चतुर्थांश शक्ती वाया जाते, असा हिशेब त्यांनी मांडला होता. १८६४ मध्ये वाद्यवाल्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यानंतर त्यांच्या खिडकीखाली मुद्दाम वाद्ये वाजवली जाऊ लागली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ॲनालिटिकल इंजिनचे आराखडे ते अखेरपर्यंत सुधारत होते. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्यूनंतर

१८७८ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने ॲनालिटिकल इंजिनच्या आराखड्यांची तपासणी केली. कल्पना अपूर्व आहे, परंतु खर्चाचा आणि टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नसल्यामुळे बांधणीची शिफारस करता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. बॅबेज यांचे पुत्र हेन्री यांनी सैन्यातील नोकरीची अनेक वर्षे हिंदुस्थानात काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी वडिलांच्या यंत्रांविषयीचे लेखन १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि गिरणीचा एक भाग बांधून त्यावर पायच्या पटींचे कोष्टक छापून दाखवले. डिफरन्स इंजिनच्या उरलेल्या भागांतून त्यांनी काही लहान नमुने जुळवून विद्यापीठांना दिले. हार्वर्ड विद्यापीठातील असा एक नमुना हॉवर्ड एकन यांच्या पाहण्यात आला. त्यांचे मार्क १ हे गणनयंत्र १९४४ मध्ये कार्यान्वित झाले. मात्र विद्युत संगणक घडवणाऱ्या बहुतेकांनी बॅबेज यांचे आराखडे पाहिले नव्हते. त्यांना बऱ्याच गोष्टी नव्याने शोधाव्या लागल्या.

लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेज यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त डोरन स्वेड यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या डिफरन्स इंजिनची गणन यंत्रणा १९९१ मध्ये पूर्ण केली. तिच्यात सुमारे ४,००० भाग असून ती ३१ अंकी संख्यांवर काम करते. भाग आधुनिक यंत्रांवर घडवले असले तरी एकोणिसाव्या शतकात साधणे शक्य होते तेवढीच अचूकता राखण्यात आली. आराखड्यातील किरकोळ चुका दुरुस्त केल्यावर यंत्र बिनचूक चालले. बॅबेज यांची कल्पना त्या काळच्या कारागिरीच्या आवाक्याबाहेर होती, हे जुने मत त्यामुळे मागे पडले. छपाईचा भागही पुढे जोडण्यात आला.

ॲनालिटिकल इंजिन बांधण्यासाठी एकविसाव्या शतकात प्लॅन २८ नावाचा उपक्रम ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्यातील पहिली अडचण पैशाची किंवा धातुकामाची नसून आराखड्याची आहे. बॅबेज यांनी या यंत्राचे कोणतेही एक रूप अंतिम मानले नाही. एक योजना कागदावर उतरली की तिच्यावर सुधारणा सुरू होत. त्यांच्या चित्रांचा आणि टिपणवह्यांचा मोठा संग्रह सायन्स म्युझियमकडे आहे. नेमके कोणते यंत्र बांधायचे हे ठरवण्यासाठी अभ्यासकांना ही सर्व कागदपत्रे बॅबेज यांच्या चिन्हलिपीसह वाचावी लागतात.